आपण छापतो काय, आणि संदर्भ देतं कोण? एका वैद्यकीय त्रैमासिकाच्या प्रकल्प नोंदी, नाशिक

३ जून २०२५

आमच्या वैद्यकीय महाविद्यालयाचं एक इंग्रजी त्रैमासिक आहे. मेडिसिन, सर्जरी, बालरोग, पीएसएम (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यक), पॅथॉलॉजी, सगळ्यांचंच छापतो, म्हणजे जनरल मेडिकल जर्नल. ऑगस्टमध्ये संपादक मंडळाची बैठक आहे. संपादक मॅडमना तोवर दोन गोष्टी हव्यात: २०१० ते २०२४ या काळात आपण नेमकं कशावर छापलं, आणि त्याचा संदर्भ पुढे कोणी दिला. काम ग्रंथालयाकडे आलं, म्हणजे माझ्याकडे आणि सहायक ग्रंथपाल ताईंकडे. दुसऱ्या कॉलेजातल्या कुणावर हीच वेळ आली तर त्यांचा वेळ वाचावा म्हणून या नोंदी.

मंडळातल्या एका ज्येष्ठ सरांचा पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे, "आपला इम्पॅक्ट फॅक्टर किती?" उत्तर: नाही. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे जर्नलच्या अलीकडच्या लेखांना सरासरी किती संदर्भ मिळाले याचा आकडा; तो क्लॅरिव्हेट ही कंपनी देते, आणि तोही तिच्या वेब ऑफ सायन्स या डेटाबेसच्या मुख्य संग्रहात असलेल्या जर्नलांना. आपण त्यात नाही. सरांकडे मात्र ईमेलनं आलेलं एक प्रमाणपत्र होतं. फी भरली की इम्पॅक्ट फॅक्टर देतात, त्यांच्यापैकी कुणाचं तरी. आकडा तीन दशांश स्थळांपर्यंत. क्लॅरिव्हेट २०२३ पासून एकच दशांश स्थळ छापते, एवढं सांगितल्यावर सरांनी कागद घडी करून खिशात ठेवला. हा विषय पहिल्याच दिवशी मिटवून घ्या, नाहीतर पुढची प्रत्येक बैठक त्यावरच अडते.

९ जून

अंक जमवणं हेच मोठं काम निघालं. वेबसाइट मध्यंतरी बदलली, तेव्हा जुन्या अंकांच्या लिंक मेल्या. बाइंडिंग केलेल्या खंडांत काही अंक नाहीतच. एक अंक गंगापूर रोडला राहणाऱ्या निवृत्त प्राध्यापकांच्या माळ्यावर सापडला, एकाचे सुटे रिप्रिंट लेखकांकडून मिळाले. एक शेवटपर्यंत मिळाला नाही. त्याची रिकामी ओळ तक्त्यात तशीच ठेवलीय. ती गाळली तर त्या वर्षी कमी लेख छापले असा समज होतो.

स्कॅनिंग कॉलेज रोडवरच्या झेरॉक्सवाल्याकडे, पानाला दोन रुपये. पूर्ण अंक स्कॅन करायचा मोह टाळा. अनुक्रमणिका, प्रत्येक लेखाचं पहिलं पान आणि शेवटची संदर्भांची पानं पुरतात. एकूण बिल अडीच हजारांच्या आत बसलं.

१३ जून

स्प्रेडशीटनं घोळ घातला. पृष्ठक्रमांक ३-५ असा टाकला की तो ३ मे होतो. कोरोनाच्या वर्षी जोडअंक काढला होता, अंक १-२. त्याची १ फेब्रुवारी झाली. ताईंनी दोन खंड भरून झाल्यावर हे लक्षात आलं आणि ती सगळी भरती पुन्हा करावी लागली. एकदा तारीख झाली की मूळ आकडा परत मिळत नाही. उपाय सोपा आहे, पण आधी करायचा: रिकाम्या तक्त्याचे सगळे रकाने 'टेक्स्ट' करून मगच टायपिंग. पहिलं पान आणि शेवटचं पान वेगळ्या रकान्यांत ठेवलं तर आणखी बरं.

१८ जून

आपलं जर्नल पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन डेटाबेसमध्ये नाही, म्हणून त्यातल्या लेखांना तयार विषयशीर्षकं नाहीत. ती कशी दिसतात आणि मोजताना कुठे फसवतात हे कळावं म्हणून आधी इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चवर हात साफ केला. १९१३ पासून चालू आहे, आयसीएमआर (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) काढते, पबमेडमध्ये व्यवस्थित सापडतं.

विषयशीर्षकं, म्हणजे मेश, उतरवून मोजली. सर्वांत वर आलं: माणसं, स्त्रिया, पुरुष, प्रौढ, भारत. क्षयरोग, मधुमेह, मलेरिया बरेच खाली. मेशमध्ये वय, लिंग, माणूस की प्राणी या खुणा लागू होतील त्या प्रत्येक लेखाला लावतात, त्यामुळे नुसती मोजदाद केली की त्याच वर तरंगतात. त्या काढून टाकायच्या, आणि उरलेल्यांतून 'मुख्य विषय' अशी खूण असलेलीच शीर्षकं घ्यायची. मग चित्र एकदम बदलतं.

आणखी दोन खड्डे. पबमेडच्या पानावर एका शोधाचे पहिले १०,००० निकालच दिसतात. जुनं, मोठं जर्नल असेल तर वर्षांचे तुकडे पाडून शोधावं. दुसरा जास्त वाईट. २०१४ पूर्वी पबमेड सहसा पहिल्याच लेखकाचा पत्ता नोंदवत असे. 'संस्थांचं सहकार्य २०१४ नंतर अचानक वाढलं' असा आलेख कुणी काढला असेल तर ती वाढ नोंदवण्याच्या पद्धतीतली असण्याचीच शक्यता जास्त.

२१ जून

या आठवड्यात नवे इम्पॅक्ट फॅक्टर जाहीर झाले आणि ज्येष्ठ सर पुन्हा ग्रंथालयात. "बीएमजेचं काय झालं बघा, अर्ध्याहून खाली!" बीएमजे हे ब्रिटनचं नामांकित वैद्यकीय जर्नल, आणि आकड्याचं म्हणाल तर खरंच आहे. २०२२ चा आकडा शंभरच्या पुढे, २०२३ चा ९३.६, आणि आता २०२४ चा ४२.७. सरांचं म्हणणं, दर्जा घसरला.

त्यांना बसवून हिशोब दाखवला. २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे २०२२ आणि २०२३ मध्ये छापलेल्या मजकुराला २०२४ साली मिळालेली सायटेशन्स (म्हणजे इतर लेखांनी दिलेले संदर्भ), भागिले त्या दोन वर्षांतले मूळ लेख आणि आढावे. आता बीएमजेत मार्च २०२१ मध्ये एक लेख आला, प्रिझ्मा २०२०. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, म्हणजे एका प्रश्नावरच्या सगळ्या संशोधनाचा पद्धतशीर आढावा, कसा मांडायचा याची ती मार्गदर्शिका. रिव्ह्यू लिहिणारा जगातला जवळपास प्रत्येक जण तिचा संदर्भ देतो. आपल्या पीजी विद्यार्थ्यांचे आराखडे काढून बघा. २०२१ चा तो लेख २०२२ च्या आणि २०२३ च्या हिशोबात होता. २०२४ च्या हिशोबात तो बसत नाही. बीएमजेचं संपादन त्या वर्षभरात कोसळलं, असं मानायला या आकड्यात आधार नाही.

लॅन्सेट या दुसऱ्या मोठ्या ब्रिटिश जर्नलची उलटी गोष्ट. २०२० चा आकडा ७९.३, २०२१ चा २०२.७. मधल्या काळात वुहानमधल्या ४१ रुग्णांचं वर्णन करणारा जानेवारी २०२० चा लेख जगभर उद्धृत झाला, आणि त्यामागून बाकीचं कोरोना साहित्य. कोरोनाची ती दोन वर्षं हिशोबातून सरकली तशी लॅन्सेटही खाली आली, २०२४ चा आकडा ८८.५. एवढ्या मोठ्या जर्नलांचे आकडे मूठभर लेखांवर झुलतात, तर तिमाहीला वीसेक लेख छापणाऱ्यांनी सरासरी काढून काय मिळवायचं?

पर सेगलेन यांनी १९९७ मध्ये बीएमजेतच लिहून ठेवलंय: सर्वाधिक उद्धृत १५ टक्के लेख निम्मी सायटेशन्स घेऊन जातात. सरांना झेरॉक्स दिली. वाचतील.

२७ जून

विषयवार वर्गीकरण सुरू. मी आणि पीएसएमची एक जेआर-टू (दुसऱ्या वर्षाची निवासी) डॉक्टर, दोघांनी स्वतंत्रपणे, एकमेकांचं न बघता. वर्गांची यादी मेशच्याच झाडावरून घेतली: संसर्गजन्य, हृदय-रक्तवाहिन्या, कर्करोग, विषबाधा, आरोग्यसेवा वगैरे.

पहिल्याच गठ्ठ्यात मतभेदांचा ढीग. सुरगाणा-पेठ भागातल्या आश्रमशाळांतल्या सिकलसेल तपासणीचा लेख मी रक्तविकारांत टाकला, तिनं आरोग्यसेवेत. मधुमेह असलेल्यांमधला क्षयरोग: तिनं अंतःस्रावी, मी संसर्गजन्य. चर्चा करत बसलो तर वर्ष जाईल. मग नियम केला: दोन रकाने. पहिल्यात आजार, दुसऱ्यात लेखाचा हेतू, म्हणजे निदान, उपचार, प्रसार, सेवा की शिक्षण. सिकलसेलचा लेख दोन्हींत बसला आणि भांडण संपलं. मात्र आधी केलेले खंड सगळे पुन्हा उघडावे लागले. यादी ठरवताना वीस-पंचवीस लेख दोघांनी करून बघा आणि मगच पुढे जा. आम्ही ते उशिरा केलं.

४ जुलै

ताईंनी विचारलं, आता मशीन हे आपोआप करत नाही का? करतं. एका मोफत डेटाबेसमध्ये आपल्या अलीकडच्या लेखांना विषय आपोआप चिकटवलेले होते. मूळ संशोधनाचे बरेचसे ठीक. केस रिपोर्टांची, म्हणजे एकेका रुग्णाच्या वर्णनांची, दैना. पोटात केसांचा गोळा साठून त्याचं शेपूट आतड्यात उतरतं, त्याला रपन्झेल सिंड्रोम म्हणतात. आपल्या सर्जरी विभागाचा त्यावर एक केस रिपोर्ट आहे. त्याला विषय लागला परीकथा आणि लोकसाहित्य. जेआर-टू मॅडमनी तो कागद वॉर्डात नेऊन लावलाय म्हणे.

हातानंच करतोय.

११ जुलै

सायटेशन्स. लेखांचे संदर्भ मोजणाऱ्या तीन ठिकाणी बघितलं: क्रॉसरेफ, ओपनअ‍ॅलेक्स, गूगल स्कॉलर. एकाच लेखाचे तीन आकडे. क्रॉसरेफ सगळ्यांत कमी, स्कॉलर सगळ्यांत जास्त. यातला कुठलाही चुकीचा म्हणता येत नाही, मोजतात ते वेगवेगळं. क्रॉसरेफकडे प्रकाशकांनी स्वतः जमा केलेली संदर्भसूची असते, आणि संदर्भ डीओआयशी (लेखाच्या कायमच्या डिजिटल क्रमांकाशी) जुळला तरच तो धरला जातो. स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (तज्ज्ञ-तपासणीआधीच टाकलेले लेख), कुठल्याशा कॉलेजच्या सर्व्हरवरची पीडीएफ, सगळं धरतं, कधी एकाच गोष्टीला दोनदा. शिवाय स्कॉलर एकगठ्ठा यादी उतरवून देत नाही. हातानं एकेक लेख, मध्ये थांबत थांबत. वेळेचा अंदाज करताना हे धरा. आमचे जुलैचे आतापर्यंतचे बरेच दिवस यात गेले.

आपल्या जर्नलच्या नावाचे अवतारही जमवावे लागले. व्हँकुव्हर या संदर्भ लिहिण्याच्या पद्धतीत जर्नलचं नाव आखडून लिहितात, आणि जो तो आपल्या मनानं आखडतो. वहीत वेगळं पान केलंय, नवा अवतार दिसला की तिथे उतरवायचा आणि सगळा शोध त्या नावानं पुन्हा.

मुख्य अडचण यानंतर दिसली. आपल्याला डीओआय मिळाले २०१७ पासून. त्याआधीच्या लेखांची सायटेशन्स क्रॉसरेफमध्ये शून्य. आलेख काढला तर वाटतं, २०१७ मध्ये जर्नल जन्माला आलं. जुने लेख कुणी वाचले नाहीत असं ते शून्य सांगत नाही. त्यांना पत्ताच नव्हता.

१६ जुलै

छोटी नोंद. 'नाशिकमधून किती लेख' हा रकाना करताना शहराची दोन्ही इंग्रजी स्पेलिंगं शोधा. आणि पत्त्यात आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं नाव दिसलं म्हणून लेख नाशिकचा धरू नका. विद्यापीठ म्हसरूळला आहे खरं, पण ते सगळ्या राज्याचं. मुंबई-नागपूरच्या कॉलेजांतले लेखकही कॉलेजनंतर विद्यापीठ आणि नाशिक लिहितात. त्या हिशोबानं नाशिक वैद्यकीय संशोधनाची राजधानी ठरत होती. दोन दिवस सगळे खूश होते.

लेखकांची नावं तर विचारूच नका. पाटील एस. आणि कुलकर्णी ए. यांना वेगळं काढायला ऑर्किड हा संशोधकाचा ओळखक्रमांक हवा, आणि तो जुन्या लेखांवर नाही. लेखकवार यादी करायचं आम्ही सोडून दिलं.

२३ जुलै

ही कल्पना ताईंची. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत एमडी-एमएसच्या डिझर्टेशनच्या बाइंड प्रती आहेत, वर्षानुवर्षांच्या. त्यांच्या मागच्या संदर्भसूच्या बघू म्हणाल्या. धूळ आणि खोकला जमेस धरून काम सुरू केलं. दोघं एकेक रॅक वाटून घेतो आणि आपल्या जर्नलचं नाव दिसलं की लेख, वर्ष आणि विभाग लिहून ठेवतो.

आपलं जर्नल इथे जागोजागी आहे. डेटाबेसमध्ये शून्य दाखवणारे २०११-१२ चे लेख इथे पुन्हा पुन्हा येतात. द्राक्षबागांमधल्या ऑर्गॅनोफॉस्फरस (कीटकनाशक) विषबाधेवरचा एक लेख मेडिसिनच्या, भूलशास्त्राच्या आणि फॉरेन्सिकच्याही डिझर्टेशनांत आहे. कारण उघड आहे. निफाड-दिंडोरीकडून येणाऱ्या रुग्णावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला चर्चेच्या प्रकरणात इथलीच तुलना लागते, लंडनची चालत नाही. पण डिझर्टेशन बहुतेक ऑनलाइन नसतं, त्यामुळे ही सायटेशन्स कुणाच्याच हिशोबात नाहीत.

याचा अर्थ जर्नल थोर आहे असा मी लावत नाही. काही संदर्भ गाइड सरांच्या लेखाला मान म्हणूनही असणार, आणि काही संदर्भसूच्या आधीच्या बॅचच्या डिझर्टेशनमधून जशाच्या तशा उतरवलेल्या दिसतात, टायपिंगच्या चुकांसकट. ती चूकच धागा ठरली: एका लेखाचं पृष्ठ चुकीचं छापलं गेलं आणि पुढच्या चार-पाच बॅचमध्ये तेच चुकीचं पृष्ठ. अशा नोंदी वेगळ्या रंगानं.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांची आठवण झाली. विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरण्याचं त्यांचं काम लॅन्सेटमध्ये १९८६ मध्ये आलं, पुढे २०११ मध्ये बीएमजेत चाचणीही आली. लाल विंचवानं माणसं मरायची ती कोकणात आणि देशावर, आणि औषध पोचलं ते प्राथमिक आरोग्य केंद्रांत. विंचवावर लेख लिहिणारे जगात किती? कोलेस्टेरॉलवर लिहिणारे किती? सायटेशन लिहिणाऱ्यांकडून मिळतात, रुग्णांकडून नाही.

३० जुलै

मॅडमना तरीही एक आकडा हवाय, म्हणून घरचं गुणोत्तर काढलं, इम्पॅक्ट फॅक्टरच्याच रीतीनं, ओपनअ‍ॅलेक्सच्या आकड्यांवर. अहवालात त्याला इम्पॅक्ट फॅक्टर म्हटलेलं नाही.

भाजकाशी खेळता येतं हे इथे प्रत्यक्ष दिसलं. समजा दोन वर्षांत १०० मूळ लेख आणि ६० पत्रं-संपादकीयं छापली आणि सगळ्यांना मिळून ८० सायटेशन्स मिळाली. पत्रं आणि संपादकीयं भाजकात धरत नाहीत, पण त्यांना मिळालेली सायटेशन्स वर धरतात. म्हणून उत्तर ०.८. सगळं मोजलं तर ०.५. काम तेच, जर्नल तेच. केस रिपोर्ट मात्र सहसा भाजकात बसतात आणि त्यांना सायटेशन्स फारशी मिळत नाहीत, त्यामुळे ज्यांना हा आकडा वर न्यायचाय ते आधी केस रिपोर्ट बंद करतात.

आमच्याकडे केस रिपोर्ट कमी झाले ते वेगळ्या कारणानं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या शिक्षक पात्रता नियमांत मूळ संशोधन, मेटा-अ‍ॅनालिसिस, सिस्टिमॅटिक रिव्ह्यू आणि केस सिरीज (अनेक रुग्णांचं एकत्र वर्णन) धरत होते. एकटा केस रिपोर्ट बढतीला उपयोगाचा नव्हता. त्यानंतरच्या अंकांत केस सिरीज वाढल्या. त्यातल्या काही वाचल्यावर तीन केस रिपोर्ट एका शीर्षकाखाली बांधल्यासारखे वाटतात. मॅडमना तसं स्पष्ट सांगितलं.

मंडळातून एक सूचना आली: स्वीकारलेल्या प्रत्येक लेखाच्या लेखकाला आपल्याच जर्नलचे दोन-तीन संदर्भ घालायला सांगावं. लेखी नकार दिला. असं करणाऱ्या जर्नलांचे इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट रोखून धरू शकते, हे कारण लिहिलं, कारण तेच पटतं. लेखकावर जबरदस्ती हे खरं कारण, ते तोंडी सांगितलं.

४ ऑगस्ट

रिट्रॅक्शन, म्हणजे मागे घेतलेल्या लेखांची तपासणी, एका दिवसात होणारी आणि करावीच अशी. रिट्रॅक्शन वॉचची यादी २०२३ पासून क्रॉसरेफकडून मोफत मिळते. आपल्या लेखांतले संदर्भ तिच्याशी ताडले. कोरोना काळातल्या आपल्या लेखांत लॅन्सेटमधल्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधावरच्या त्या लेखाचा संदर्भ सापडला, जो मे २०२० मध्ये छापला गेला आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मागे घेतला गेला. आपला अंक त्यानंतरचा. संपादकीय टीप टाकायची ठरलं.

१२ ऑगस्ट

बैठक झाली. विषयांचा तक्ता सगळ्यांना आवडला, सायटेशनचा तक्ता कुणी नीट बघितला नाही, डिझर्टेशनच्या यादीवर मात्र प्रत्येकानं आपला विभाग शोधला. ज्येष्ठ सरांनी सेगलेनचा लेख वाचलाय, आणि तो स्वतः किती वेळा उद्धृत झालाय हे विचारलं.

ठराव एकच, पण कामाचा: २०१० ते २०१६ च्या लेखांना डीओआय द्यायचे. क्रॉसरेफचं सभासदत्व आहेच. २०२५ मध्ये छोट्या प्रकाशकाला वर्षाला २७५ डॉलर होते. नव्या लेखाला एक डॉलर, आणि दोन वर्षांहून जुन्याला १५ सेंट, म्हणजे शंभर जुन्या लेखांना १५ डॉलर. पैशाची अडचण नाही.

अडचण वेळेची आहे. डीओआय दिला की त्यामागे चालू राहणारं वेबपान लागतं, आणि जुन्या अंकांना पानंच नाहीत. शिवाय संदर्भसूची जमा केली नाही तर इतरांना आपल्याकडून मिळणारी सायटेशन्स पुन्हा अदृश्य. स्कॅनमधून अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर लावून पाहिलं. जुन्या छपाईत खंड ७ चा १ होतो, म्हणून प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घालावी लागते.

२५ ऑगस्ट

२०१० चा पहिला अंक पूर्ण. क्रम असा ठेवलाय: आधी वेबपान, मग लेखाचा तपशील, मग संदर्भ, सगळ्यांत शेवटी नोंदणी. नोंदणी आधी केली आणि पान नंतर हललं तर तपशील पुन्हा पाठवावा लागतो. संदर्भ टाइप करायला पीएसएमच्या इंटर्नांची मदत मागितलीय, त्यांच्या पोस्टिंगचं वेळापत्रक आलं की दुसरा अंक घेऊ.